नाव कानाला पटले पाहिजे

इंदूरच्या रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही सातजण जमतो आणि मेटल, म्हणजे विद्युत गिटारींचे जड रॉक संगीत, ऐकतो. आमच्यातला सर्वांत धाकटा अजून महाविद्यालयात आहे आणि सर्वांत मोठी मी, चव्वेचाळीस वर्षांची. गेल्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या आवडीचे पाच बँड सांगायचे असे ठरले आणि त्याला एक अट जोडली गेली. बँड कोणत्या उपप्रकारातला आहे हे सांगायचेच, पण त्याचे कारण कानाला ऐकू येणारे हवे. कपडे, मुखपृष्ठावरची कवटी, देश, खप, गाण्याचा विषय यांपैकी कोणतेही कारण ग्राह्य धरायचे नाही. ही अट मी सुचवली होती. तिच्यामुळे ती संध्याकाळ रात्री साडेअकरापर्यंत लांबली आणि खाली काकूंना दोनदा पोहे फोडणीला टाकावे लागले.

या नावांचा एवढा आग्रह कशासाठी, असे मला घरातही विचारले जाते. थ्रॅश म्हणा, डेथ म्हणा, डूम म्हणा, शेवटी सगळा एकच गोंगाट, असे म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही, कारण मी स्वतः तिथूनच सुरुवात केली आहे. १९९५ च्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या मावसभावाने मला एक कॅसेट भरून दिली. तिच्या एका बाजूला आयर्न मेडन होते आणि दुसऱ्या बाजूला स्लेअर. दोन्ही बाजू मला सारख्याच वाटतात असे मी त्याला पत्रात कळवले, तेव्हा त्याने उत्तरात दोनच वाक्ये लिहिली: पहिल्या बाजूला दोन गिटारी मिळून गातात. दुसऱ्या बाजूला त्या कापतात. मी कॅसेट पुन्हा लावली आणि तो एकच गोंगाट माझ्यासाठी कायमचा दुभंगला. पुढे अलाहाबादहून निघणारे 'रॉक स्ट्रीट जर्नल' हाती येऊ लागले आणि त्या कापण्याला 'थ्रॅश' असे नाव आहे हे कळले. उजव्या तळव्याची कड तारांच्या बुडाशी टेकवून स्वर तिथल्या तिथे दाबायचा आणि वेगाने एकामागून एक आघात करत जायचे, ही त्यामागची रीतही हळूहळू कळली. कान कुठे ठेवायचा हे त्या नावाने मला सांगितले. म्हणून नावांवरचे वाद मला क्षुल्लक वाटत नाहीत. नाव चुकीचे असेल तर ऐकणाऱ्याचा कान चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतो.

माझ्या यादीत पहिले नाव ब्लॅक सॅबथचे होते आणि त्यावर कोणी हरकत घेणार नाही असे मला वाटले होते. हरकत आली ती उपप्रकारावर. मी 'डूम' म्हटले. आमच्यातल्या ढोलवादक मित्राचे म्हणणे असे की, ज्यांच्यापासून सगळेच सुरू झाले त्यांना एका शाखेत कोंबणे अन्यायाचे आहे. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडली तेव्हा डूम हा शब्द या अर्थाने कोणी वापरतही नव्हते. त्याचा मुद्दा इतिहास म्हणून बरोबर आहे. पण आमची अट कानाची होती, म्हणून मी त्याच ध्वनिमुद्रिकेचे पहिले गाणे लावायला सांगितले. पाऊस आणि घंटा यांच्या आवाजानंतर जे तीन स्वर येतात ते आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. यमन ऐकत वाढलेल्या माणसाला तीव्र मध्यमाचे भय वाटण्याचे कारण नाही. यमनात तो पंचमाकडे झुकतो, गंधाराचा आणि निषादाचा त्याला आधार असतो, आणि म्हणून तो गोड लागतो. इथे आजूबाजूला कोणीच नाही. षड्जावरून तो थेट येतो आणि तिथेच थरथरत उभा राहतो. लय इतकी मंद ठेवली आहे की पुढचा आघात येण्यापूर्वी मागच्या स्वराचे विरत जाणे पूर्ण ऐकावे लागते. हे विरणे ऐकायला लावणारी मंद लय आणि आधार काढून घेतलेला स्वर, या दोन गोष्टी ज्या संगीतात आहेत त्याला मी डूम म्हणते, मग तो शब्द कितीही नंतर प्रचारात आलेला असो.

या आवाजाच्या जडपणामागे एक अपघात आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. सतरा वर्षांचे असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्यामुळे पडद्यांवर तारा दाबणारा हात हाच होता. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, बारीक आणि सैल तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांना दाबायला सोपे जाते, आणि त्याबरोबर स्वर खोल आणि भारदस्त होतो. मेटलमधल्या पुढच्या बहुतेक शाखांनी गिटार खाली उतरवण्याची ही रीत उचलली. खर्जाची मेहनत करणाऱ्या आपल्या गायकांना या उतरण्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरे नाव आयर्न मेडन. इथे वाद झाला तो 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' या लांबलचक नावावर. १९७९ मध्ये 'साउंड्स' या इंग्लंडमधील साप्ताहिकाने ते प्रचारात आणले आणि मेडन, सॅक्सन, डायमंड हेड असे अनेक बँड त्याखाली एकत्र गणले गेले. माझ्या मते हा उपप्रकार नाहीच. ते एका काळाचे आणि एका देशाचे नाव आहे. सॅक्सन आणि डायमंड हेड पाठोपाठ लावून पाहावेत, दोघांत समान असे फार थोडे हाती लागते. मेडनची ओळख मात्र डोळे मिटूनही पटते. स्टीव्ह हॅरिस यांच्या बास गिटारची एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व आघातांची दौडती चाल, आणि तिच्यावर तिसऱ्या स्वराच्या अंतराने (सा-ग असे) जोडीने चालणाऱ्या दोन गिटारी. मावसभावाने 'मिळून गातात' म्हटले होते ते हेच.

१७ मार्च २००७ रोजी मेडन बेंगळूरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवणार असे कळले तेव्हा माझ्या नोकरीला वर्षही झाले नव्हते. मी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठली, तिथून उद्यान एक्स्प्रेस धरली, आणि जाण्या-येण्याचे सगळे पैसे पहिल्या वर्षाच्या बचतीतून गेले. त्या मैदानावर हजारो माणसे शब्दांऐवजी गिटारची धून गात होती. ईशान्येकडून आलेली मुले, केरळातली मुले, माझ्या शेजारी उभे असलेले हुबळीचे एक मध्यमवयीन गृहस्थ, सगळ्यांना दोन्ही गिटारींचे वेगवेगळे स्वर पाठ होते आणि कोणीही न सांगता गर्दी दोन भागांत वाटली जाऊन दोन्ही ओळी गात होती. इंदूरमध्ये तोवर मी हे संगीत बहुतेक एकटीने ऐकले होते. आपल्या शहरात निकोटिन हा बँड आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, उभा राहिला होता हेही मला परत आल्यावर समजले, आणि माळव्यातल्या माणसांनी वाजवलेले मेटल ऐकायला मिळाले तेव्हा त्या मैदानावरचा आनंद मला पुन्हा एकदा आठवला.

सर्वांत मोठा वाद तिसऱ्या नावावरून पेटला, आणि तो माझ्या यादीतल्या नावावरून सुरू होऊन दुसऱ्याच्या यादीत गेला. मी 'डेथ' हा फ्लोरिडाचा बँड सांगितला. चक शुल्डिनर यांचा हा बँड, १९८७ ची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका, आणि उपप्रकाराचे नाव तेच, त्यामुळे वादाला जागा नव्हती. डेथ मेटल म्हणजे काय हे कानाने सांगायचे तर गळ्यातून येणारा गुरगुरता आवाज ही पहिली खूण. स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंना कंप देऊन तो काढला जातो. थ्रॅशमधला गायक ओरडतो तेव्हा शब्द कळतात. इथे शब्द विरघळतात आणि आवाज गिटारींच्या जातीचा होऊन बसतो. दुसरी खूण म्हणजे खाली उतरवलेल्या तारांवरची अखंड वेगवान छेड, आणि तिसरी म्हणजे ब्लास्ट बीट, ज्यात स्नेअर (हाताने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम), झांज आणि पायाचा ड्रम यांचे आघात इतके दाट होतात की लय मोजण्याऐवजी तिचा पोत ऐकू येतो.

मग धाकट्याने ॲट द गेट्स या स्वीडनच्या बँडची १९९५ ची 'स्लॉटर ऑफ द सोल' आपल्या यादीत सांगितली आणि तिला 'मेलोडिक डेथ मेटल' म्हटले. ढोलवादक मित्राने लगेच विचारले की यात डेथ कुठे आहे? ब्लास्ट बीट जवळजवळ नाहीत, ठेका सरळ थ्रॅशचा आहे, गळाही गुरगुरत नाही, तो किंचाळतो. धाकटा म्हणाला, "दादा, या लोकांची सुरुवातच डेथ मेटलमधून झाली आहे." अटीप्रमाणे हे कारण बाद झाले, कारण सुरुवात कानाला ऐकू येत नाही. आम्ही ती ध्वनिमुद्रिका पूर्ण ऐकली, ती पस्तीस मिनिटांचीही नाही. माझे मत असे झाले की चाल थ्रॅशची आहे, जोडीच्या गिटारी मेडनच्या घरातल्या आहेत आणि डेथ मेटलमधून आलेली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या सुरावटींमागचे काळवंडलेले वातावरण. मेलोडिक डेथ या जोडनावात 'डेथ' हे मुख्य पद आणि 'मेलोडिक' हे विशेषण आहे, आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराच्या या सगळ्या परंपरेत, इन फ्लेम्स असोत की डार्क ट्रँक्विलिटी, खरे काम विशेषण करते. तरीही मी ते नाव वापरत राहीन, कारण ते ऐकताच दोन गिटारींकडे कान जातो आणि तो योग्य ठिकाणी जातो.

त्याच देशातल्या स्टॉकहोमचा आवाज अगदी वेगळा आहे आणि त्याचे कारण मला फार आवडते. एंटूम्ड या बँडची १९९० ची 'लेफ्ट हँड पाथ' सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातला करवतीने ओले लाकूड कापावे तसा गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ या छोट्या पेडलमधून, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपेटीतून, येतो. त्याच्या चारही कळा शेवटपर्यंत फिरवायच्या, एवढीच कृती. चार कळांच्या एका पेटीने एका शहराला स्वतःचा आवाज दिला आणि आज जगात कुठेही तो आवाज आला की ऐकणारा स्टॉकहोम म्हणतो. शहराच्या नावाने उपप्रकार ओळखणे आमच्या अटीत बसते, जर त्या शहराचा आवाज असा कानाला सापडत असेल तर. इंदूर घराणे म्हणताना आपणही हेच करतो.

ब्लॅक मेटलवर मी थोडक्यात लिहिते, कारण त्या संध्याकाळी तिथे आवाजापेक्षा गुन्ह्यांवर जास्त बोलले गेले. नाव व्हेनम या इंग्लंडच्या बँडच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेतून आले, पण आज त्या नावाने जे ओळखले जाते ते १९९० नंतरच्या नॉर्वेमध्ये घडले. तिथे चर्च जाळली गेली, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम या बँडच्या गिटारवादकाचा दुसऱ्या एका संगीतकाराने खून केला. काहींच्या मते ही विचारसरणी काढली तर ब्लॅक मेटल उरतच नाही. मला हे मान्य नाही. तारांच्या वरच्या भागातली अखंड कंपित छेड, मुद्दाम कच्चे ठेवलेले ध्वनिमुद्रण, दूरवरून येणारी किंकाळी, आणि या सगळ्यांतून तयार होणारा धुक्यासारखा एकच पडदा, हे त्याचे शरीर आहे आणि ते गुन्ह्यांशिवाय उभे राहते. गुन्हेगाराच्या ध्वनिमुद्रिका विकत घ्यायच्या की नाहीत हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. मी घेत नाही.

चौथे नाव मेशुगा. स्वीडनच्या उमेओ शहरातला हा बँड ऐकताना माझ्या धाकट्या काकांची मला नेहमी आठवण होते, कारण त्यांनीच मला तो ऐकायला शिकवले. काका पंचवीस वर्षे तबला शिकवत आले आहेत. त्यांनी मेशुगाचे नावही ऐकलेले नव्हते. या बँडच्या १९९८ च्या 'केओस्फिअर' या ध्वनिमुद्रिकेतले एक गाणे मी लावले होते आणि काका दारात उभे राहून हातावर मात्रा मोजू लागले. थोड्या वेळाने त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले, मग तिसऱ्यांदा. झांज सरळ चालते आहे, तिला लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला आवर्तन दाखवत राहणारी धून, समजायचे, असे त्यांनी सांगितले. गिटार आणि पायाचा ड्रम मिळून एक तेवीस मात्रांचा खंड वाजवतात, आणि तो पाच वेळा येतो. म्हणजे एकशे पंधरा मात्रा झाल्या. त्यानंतर तेरा मात्रांचा एक तुकडा जोडला जातो आणि सगळे मिळून एकशे अठ्ठावीस होतात. सोळा मात्रांची बरोबर आठ आवर्तने. काकांनी तळहातावर टाळी दिली तेव्हा गिटार नेमकी समेवर आली होती.

त्या टाळीनंतर मेशुगा मला कधीच विस्कळीत वाटले नाहीत. मात्र काकांच्या आणि त्यांच्या कामात एक मोठा फरक आहे आणि तो मी गच्चीवरही सांगितला. तबलजी हा हिशेब बहुतेक वेळा बैठकीतच मांडतो, समोरच्या गायकाला किंवा लेहरेकऱ्याला तो माहीत नसतो, आणि सम गाठल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो त्या अनिश्चिततेचा असतो. मेशुगाचे सर्व काही आधीच लिहिलेले आणि घोटलेले आहे. त्यांचा आनंद यंत्राच्या अचूकतेचा आहे. म्हणून ही आपलीच लयकारी आहे असे अभिमानाने म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही. हिशेबाची रीत समान आहे, तो हिशेब कशासाठी करायचा हे वेगळे आहे. या प्रकाराच्या वारसदारांना 'जेंट' म्हणतात. गिटारच्या दाबलेल्या आघाताच्या आवाजावरून पडलेले हे नाव मला आमच्या अटीचे सर्वांत शुद्ध उदाहरण वाटते, कारण ते नावच मुळात एक आवाज आहे.

मधल्या काळात दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडवर बराच वेळ गेला. २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात ते वाजवून आले आणि २०२२ मध्ये त्यांची 'रक्षक' ही ध्वनिमुद्रिका आली, हे सगळ्यांना माहीत होते. प्रश्न हा होता की ढोल आणि बासरी आली म्हणून ते फोक मेटल, म्हणजे लोकसंगीतावर उभे असलेले मेटल, होते का. मी एकच कसोटी मांडली: ढोल मनातल्या मनात काढून टाका आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, तशीच उभी राहते का पाहा. उभी राहत असेल तर ढोल अलंकार आहे आणि खाली जे आहे ते रॅपसह नू मेटल, म्हणजे हिप-हॉपच्या ठेक्याचे मेटल, आहे. त्यांच्या काही गाण्यांत मला तसेच वाटते. पण काही गाण्यांत भांगड्याचा ठेकाच गिटारीला कुठे थांबायचे ते सांगतो, आणि तिथे फोक हे नाव त्यांनी कमावलेले आहे. मला हवे असलेले उत्तर त्यातूनच सापडले. उपप्रकाराचे नाव बँडच्या कपाळावर लावण्यापेक्षा एकेका गाण्याला लावावे.

पाचव्या नावावर मला याच उत्तराचा उपयोग झाला. ते नाव ओपेथचे. २००१ ची त्यांची 'ब्लॅकवॉटर पार्क' माझ्या आयुष्यातल्या सर्वांत जास्त ऐकलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी आहे. तिच्यात बँडचे गायक मिकाएल ऑकेर्फेल्ट एकाच गाण्यात डेथ मेटलच्या खर्जातून निघून मोकळ्या, जवळजवळ अंगाईसारख्या स्वरात येतात. २०११ पासून त्यांनी तो खर्ज सोडला आणि २०२४ मध्ये पुन्हा उचलला. मधल्या तेरा वर्षांच्या ओपेथला मेटल म्हणायचे की नाही यावर आमचे दोन तट पडले. मी म्हटले की मधल्या चार ध्वनिमुद्रिकांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणावे आणि त्यांच्यावर तितकेच प्रेम करावे. नाव बदलल्याने प्रेम कमी होत असेल तर ते प्रेम नावावर होते. एक मैत्रीण यावर अजूनही नाराज आहे आणि तिचे म्हणणे मी नोंदवून ठेवते: खर्ज नसला तरी गिटारींच्या स्वरसंगतीत तीच काळोखी आहे आणि तो काळोख हाही कानाला ऐकू येतो. याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

येत्या महिन्याची बैठक काकांच्या घरी आहे. मेशुगाच्या हिशेबानंतर आम्ही नेमके काय ऐकतो याची त्यांना उत्सुकता आहे आणि त्यांनी स्वतःहून एक प्रस्ताव ठेवला. ज्यांच्या गायकीमुळे इंदूर घराण्याचे नाव झाले त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला मारवा त्यांनी आधी लावायचा, आणि त्यानंतर आम्ही कँडलमास या स्वीडनच्या बँडची १९८६ ची पहिली ध्वनिमुद्रिका लावायची. दोन्हींत लय मंद आहे असे मी सांगितल्यामुळे ही जोडी ठरली. खाँसाहेबांच्या अतिविलंबित लयीत चौदा मात्रांच्या आवर्तनात एकेका स्वराला केवढी जागा मिळते हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळते. डूममध्ये ती जागा गायक भरत नाही, तारेचा विरत जाणारा आवाज भरतो, हे त्यांना ऐकू येईल का याची मला उत्सुकता आहे. आधी कान कुठे ठेवायचा तेवढे लिहून पाठव, असे त्यांनी फोनवर सांगितले. मी त्यांना आज सकाळी लिहिले आहे की काका, या वेळी मात्रा मोजू नका, आघात झाला की गिटार पूर्ण शांत होईपर्यंत थांबा, आणि ती शांत होण्याआधीच पुढचा आघात आला तर मला हात वर करून दाखवा.